‘पंच’ : स्पेलिंग एक, शब्द किती?

शब्दसाठा_वडोदरा (धागाकर्ता)

मकरपुरा जीआयडीसीत (वडोदऱ्याची औद्योगिक वसाहत) शिकाऊ म्हणून लागणाऱ्या मराठी मुलांसाठी इंग्रजी-मराठी-गुजराती शब्दयादी तयार होते आहे. ‘प’ अक्षराचं काम ‘पंच’पाशी अडलं. एका ओळीत अर्थ लिहून भागेल असं वाटलं होतं, पण कोश उघडल्यावर दिसलं की इंग्रजीत या एका स्पेलिंगखाली निदान तीन वेगळी कुळं नांदतात. शिवाय आपला पंचनाम्यातला पंच आहेच.

आत्तापर्यंतची मांडणी अशी :

पहिलं कुळ टोचण्याचं. लॅटिन ‘पुंगेरे’ म्हणजे टोचणं. त्यावरून जुन्या फ्रेंचमधलं ‘पॉन्शॉन’ हे टोकदार हत्यार, आणि तेच इंग्रजीत ‘पंचन’ होऊन पुढे आखूड होत ‘पंच’ झालं. भोक पाडायचं हत्यार, ठसा उठवायचं हत्यार, कागदाला भोकं पाडायचं यंत्र हे सगळे इथले. ठोसाही इथलाच. क्रियापद म्हणून ‘पंच’चा आधीचा अर्थ टोचणं, ढोसणं असा होता, मूठ मारणं हा अर्थ सोळाव्या शतकातला. अमेरिकेत गुराख्याला ‘काउपंचर’ म्हणतात. तो गुरांना बुक्क्या मारत नाही, काठीने ढोसत पुढे नेतो. जुना अर्थ तिथे जसाच्या तसा राहिला आहे.

दुसरं कुळ पेयाचं. हे आपल्या ‘पाच’वरून गेलं असं सर्रास सांगतात. यावर मतं हवी आहेत.

तिसरं कुळ बाहुल्याचं. इटलीतल्या नेपल्सकडच्या लोकनाट्यातलं ‘पुल्चिनेल्ला’ हे पात्र इंग्लंडात ‘पंचिनेलो’ आणि मग नुसतं ‘पंच’ झालं.

कारखान्यातला अर्थ आधी पक्का व्हायला हवा, कारण यादी त्यासाठीच आहे. बाकीचं कुळवृत्तान्त म्हणून तळटीपेत जाईल. टूलरूमवाल्यांनी (कारखान्यात हत्यारं-साचे बनवणाऱ्यांनी) आणि भाषेच्या जाणकारांनी, दोघांनी लिहावं ही विनंती.

---

टूलरूम_मकरपुरा

शब्दसाठा साहेब, ‘भोक पाडायचं हत्यार’ एवढंच लिहिलंत तर शिकाऊ मुलगा पहिल्याच दिवशी गोंधळेल. टूलरूममध्ये पंच तीन प्रकारचे, आणि ते वेगवेगळे लिहायला हवेत.

१. हातोडीने मारायचे. यात खुणेचे दोन : प्रिक पंच आणि सेंटर पंच. प्रिक पंचाचं टोक ६० अंशांचं, सेंटर पंचाचं ९० अंशांचं. आधी मार्किंगच्या रेघा जिथे छेदतात तिथे प्रिक पंच हलक्या हाताने मारायचा आणि भिंगातून बघायचं. खूण सरकली असेल तर पंच तिरका धरून तिला ओढून जागेवर आणायची. मगच सेंटर पंच, तो उभा धरून, एकच नेमका फटका. ९० अंश अशासाठी की खड्डा पसरट झाला तर ड्रिलचं टोक त्यात नीट बसतं आणि भटकत नाही. थेट सेंटर पंच मारला की चुकलेली खूण दुरुस्त करायला जागा उरत नाही, आणि ड्रिल अर्धा मिलिमीटर बाजूला गेला तर जोडणीत बोल्टच बसत नाही. पंचाचं डोकं मार खाऊन छत्रीसारखं फुललं की ते लगेच ग्राइंड करायचं. तिथली कपची उडून डोळ्यात जाते.

पिना काढायचा तो पिन पंच आणि निमुळता तो ड्रिफ्ट. यांना टोक नसतं, पुढचा भाग सपाट असतो. म्हणून ‘टोकदार हत्यार’ ही व्याख्या यांना लागू पडत नाही.

२. ठशाचे. अक्षर पंच, आकडा पंच. अक्षर उलटं कोरलेलं असतं, मारल्यावर जॉबवर सुलटं उमटतं.

३. प्रेस टूलमधला पंच. वडोदऱ्यात नुसतं ‘पंच’ म्हटलं की बहुतेकांच्या मनात हाच येतो, आणि तो कधी एकटा नसतो. डाय आणि पंच ही जोडी. पंच वरून उतरणारा नर, डाय खालची मादी. दोन्हींच्या मध्ये ठेवायची फट म्हणजे क्लिअरन्स.

सगळ्यात जास्त चूक इथे होते, म्हणून सविस्तर लिहितो. दोन मिलिमीटर जाडीच्या माइल्ड स्टीलच्या पत्र्याला क्लिअरन्स एका बाजूला जाडीच्या साधारण ५ टक्के धरा. म्हणजे ०.१ मिलिमीटर. गोल भोकाला दोन्ही बाजू धरून व्यासात ०.२. आता :

भोक हवं असेल तर (पिअर्सिंग) भोकाचं माप पंचाला द्यायचं. २० मिलिमीटर भोक, तर पंच २०.००, डाय २०.२०.

चकती हवी असेल तर (ब्लँकिंग) चकतीचं माप डायला द्यायचं. २० मिलिमीटर चकती, तर डाय २०.००, पंच १९.८०.

पत्रा तोच, प्रेस तोच. फक्त खाली पडलेला तुकडा माल आहे की भंगार यावर माप कोणाला द्यायचं ते ठरतं. नवशिका हे उलटं करतो आणि सगळा लॉट ०.२ ने चुकतो. दुसरी चूक म्हणजे ड्रॉइंगवर क्लिअरन्स एका बाजूचा लिहिलाय की दोन्ही बाजूंचा हे न विचारणं.

फट कमी पडली तर पत्रा दोनदा कापला जातो, जोर जास्त लागतो, पंचाची धार लवकर जाते. फट जास्त झाली तर पत्रा कापला जाण्याआधी वाकतो आणि खालच्या कडेला मोठी बर (धारदार उठलेली कड) येते. कापलेली कड नीट पाहिली तर वरचा भाग चकचकीत आणि खालचा खरखरीत तुटलेला दिसतो. चकचकीत पट्टा जाडीच्या साधारण एक तृतीयांश असेल तर फट ठीक आहे.

जोराचा हिशोब : कापाची लांबी गुणिले जाडी गुणिले शिअर स्ट्रेंग्थ (कापलं जाण्याला धातूचा विरोध). २० मिलिमीटर गोल भोकाचा परीघ ६२.८. त्याला जाडी २ ने आणि मग ३५० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरने गुणलं की सुमारे ४४ हजार न्यूटन, म्हणजे साडेचार टन. वर २० ते ३० टक्के धरा. दहा टनी प्रेस आरामात चालेल. भोकाचा व्यास पत्र्याच्या जाडीहून लहान ठेवायच्या भानगडीत साध्या टूलने पडू नये. पंच बारीक राहतो, दाबाखाली वाकतो आणि तुटतो.

पंचाचं पोलाद बहुधा एचसीएचसीआर (जास्त कार्बन, जास्त क्रोमियमचं), म्हणजेच डी-टू, कडकपणा ५८ ते ६२ रॉकवेल. त्याहून कडक केला तर धार टिकते पण कपची उडते. पंच तुटण्याची कारणं शोधताना पोलादाला शेवटी दोष द्या. आधी बघा की पंच आणि डाय एका रेषेत आहेत का, आणि स्ट्रिपर (पंचावरून पत्रा सोडवणारी पट्टी) पत्र्याला सरळ सोडतोय का. परत वर येताना पत्रा तिरका ओढला गेला की चांगला पंचही मोडतो.

---

रावपुरा_रेखा

टूलरूम भाऊ, फार उपयोगी. एक जोडते. लोहाराच्या भट्टीवर तापलेल्या लोखंडाला भोक पाडायचं जे हत्यार असतं त्याला आपल्याकडे सुंबा म्हणतात. पर्शियनमधून आलेला शब्द आहे. यादीत ‘पंच’पुढे निदान पहिल्या प्रकाराला ‘सुंबा’ द्यावा. चामड्याला गोल भोक पाडायच्या पोकळ पंचालाही तो चालेल.

---

टूलरूम_मकरपुरा

लोहारकामाला चालेल. प्रेस टूलला ‘सुंबा’ कोणी म्हणणार नाही. तिथे पंचच ठेवा.

---

पंचर_नव्हे_पंक्चर

टोचणाऱ्या कुळात आणखी एक घरचं माणूस आहे. वडोदऱ्यात हायवेला लागलात की टायर टांगलेल्या प्रत्येक टपरीवर गुजरातीत ‘पंचर’ लिहिलेलं असतं. पुष्कळांची समजूत अशी की पंच करतो तो पंचर. तसं नाही. ‘पंक्चर’मधला ‘क्’ गळून ‘पंचर’ झालं, हिंदीत आणि गुजरातीत दोन्हीकडे. पण गंमत बघा, मागे गेलात तर दोघांचं मूळ एकच, तेच ‘पुंगेरे’. म्हणजे पंच आणि पंचर मायलेक नाहीत, पण चुलत भावंडं नक्की आहेत.

याच घराण्यात ‘पॉइंट’ (टोक), ‘पंक्चुएशन’ (टोचलेल्या ठिपक्यांनी केलेली विरामचिन्हं) आणि ‘पंक्चुअल’ (वेळेच्या नेमक्या ठिपक्यावर येणारा) हेही. नाकाला झोंबणारा वास तो ‘पंजंट’, तोही टोचणाराच. शिकाऊ मुलाला ही एक ओळ दिली तर पाच शब्द एकदम लक्षात राहतील : जिथे टोक आहे तिथे हे कुळ.

---

शब्दसाठा_वडोदरा

फारच छान. ही ओळ जशीच्या तशी घेतो. आता पेयाचं कोणी बोला.

---

रावपुरा_रेखा

पेयाचा पुरावा आपल्या दाराशी आहे. इंग्रजी लिखाणात पेय या अर्थाने ‘पंच’ पहिल्यांदा सापडतो तो १६३२ सालच्या एका पत्रात, आणि ते पत्र ईस्ट इंडिया कंपनीच्या हिंदुस्थानातल्या माणसाचं. मग १६३८ मध्ये मांडेल्सलो नावाचा जर्मन प्रवासी सुरतेला उतरला आणि भडोच, वडोदरा या वाटेने अहमदाबादला गेला. सुरतेच्या इंग्रज वखारीतल्या पेयाला तो ‘पालेपुंट्झ’ म्हणतो आणि घटकही देतो : मद्यार्क, गुलाबपाणी, लिंबाचा रस, साखर. फ्रेंच प्रवासी बर्निए त्यालाच ‘बूलपोंज’ म्हणतो. दोन्ही म्हणजे ‘बोल ऑफ पंच’, पंचाचा वाडगा, परक्या कानांनी ऐकलेला.

यानंतर जॉन फ्रायर. हा कंपनीचा डॉक्टर, १६७० च्या दशकात सुरत-मुंबई भागात होता. तो स्पष्टच लिहितो की या पेयाचं नाव हिंदुस्थानी भाषेतल्या पाचावरून, कारण त्यात पाच वस्तू पडतात. म्हणजे पाचाची गोष्ट नंतर कोणी रचलेली नाही. पेय नवं होतं तेव्हाच, ते जिथे प्यायलं जात होतं तिथेच, ती सांगितली जात होती.

पाच वस्तू अशा मोजतात : अरक, साखर, लिंबू, पाणी, मसाला. पंचामृतात दूध, दही, तूप, मध, साखर. मोजून पाच वस्तू एकत्र करून त्या मिश्रणाला संख्येवरून नाव द्यायची रीत आपल्याकडे इतकी जुनी आहे की मला तरी यात शंका वाटत नाही.

---

स्वरव्यंजन

रेखाताई, पुरावे बरोबर आहेत, पण निष्कर्षाची घाई नको. ऑक्सफर्ड कोशाने या व्युत्पत्तीवर आक्षेप घेतलेले आहेत आणि ते हलके नाहीत.

एक, स्वर. ‘पांच’मध्ये दीर्घ आ आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजी ‘पंच’मधला स्वर उ-कडे झुकलेला होता, ‘पुंच’च्या जवळ. परदेशी रूपंही तेच सांगतात : पुंट्झ, पोंज. यांत ‘आ’ नाही. ‘पांच’ ऐकणाऱ्याने ‘पाँच’ किंवा ‘पान्च’ असं काहीतरी लिहिलं असतं.

दोन, संख्या. जुन्या पाककृतींत घटक कधी तीन, कधी चार, कधी सहा. मांडेल्सलोच्या यादीतही तुम्ही दिलेत ते चारच आहेत. फ्रायरदेखील चाराची शक्यता नोंदवतो.

तीन, पर्याय. खलाशी ज्या मोठ्या पिंपातून दारू घेत त्याचं नाव ‘पंचन’. ८४ वाइन गॅलन, म्हणजे सुमारे ३१८ लिटर. त्याचं आखूड रूप ‘पंच’ व्हायला काहीच अडचण नाही.

---

रावपुरा_रेखा

तिसऱ्यापासून सुरू करते. पिंपावरून नाव आलं असेल तर ते आधी जहाजांवर आणि इंग्लंडच्या बंदरांत सापडायला हवं. सापडतं ते हिंदुस्थानातून. आणि पेय पिंपात नाही, वाडग्यात कालवतात, नावातच ‘बोल’ आहे.

संख्येचा आक्षेप मराठी माणसाने तरी मान्य करू नये. पंच हा शब्द पाचाचा, पण झडतीच्या पंचनाम्याला कायद्याने किती पंच लागतात? दोन किंवा अधिक. क्रिकेटच्या मैदानावर पंच किती उभे असतात? दोन. पंचायतीत कुठे सात सभासद, कुठे अकरा. नाव एकदा चिकटलं की आतली मोजणी सुटते आणि नाव राहतं. चार वस्तूंच्या पेयाला पंच म्हणणं हे दोन माणसांना पंच म्हणण्याइतकंच सरळ आहे.

---

डोंगरे_वाड्याजवळ

रेखाताईंचा पंचनाम्याचा मुद्दा एकदम पटला. +१

स्वराबद्दल एक सुचवतो. दीर्घ ‘पांच’ बाजूला ठेवा आणि समासातला ऱ्हस्व ‘पंच’ घ्या, जसा पंचामृत, पंचखाद्य, पंचधातू. इंग्रज आपल्या ऱ्हस्व अ-साठी कोणतं अक्षर वापरत आले? यू. जंगल, बंगला, पंडित, पंखा, सगळ्यांच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये पहिल्या अक्षराला यू आहे. आणि सगळ्यात जवळचं उदाहरण पंजाब. पाच नद्यांचा तो पंजाब, त्यातला ‘पंज’ म्हणजे फारसीतला पाचच, आणि तोही यू घालूनच लिहिला. पंज-चं जे झालं तेच पंच-चं झालं.

अनुनासिकाचंही बघा. आज मराठीत आपण ‘पाच’ म्हणतो, अनुस्वार नाही. गुजरातीत ‘पांच’, हिंदीत ‘पाँच’. वखार सुरतेला होती. त्यांच्या कानावर अनुनासिकवालं रूपच पडणार.

---

स्वरव्यंजन

डोंगरे, यू-चा मुद्दा चांगला आहे, पण काळाचं भान हवं. तो यू ‘अ’सारखा उच्चारला जाऊ लागला तो सतराव्या शतकाच्या मध्यानंतर. तुमची पंडित-बंगला ही स्पेलिंगं बहुतेक त्यानंतर स्थिरावली. १६३२ हे जरा आधीचं पडतं. तरीही ऱ्हस्व ‘पंच’ धरला तर अंतर पुष्कळ कमी होतं, हे मान्य. पंचनाम्याच्या उदाहरणाने संख्येचा आक्षेप मी मागे घेतो. यादीत ‘बहुधा पाच/पंच या शब्दावरून’ असं लिहावं. ‘बहुधा’ काढू नये.

आणि एक : ही व्युत्पत्ती खरी असेल तर इंग्रजीतले ‘फाइव्ह’ आणि ‘पंच’ हेही दूरचे नातेवाईक ठरतात. संस्कृत पञ्च, ग्रीक पेंटे, लॅटिन क्विंक्वे, इंग्रजी फाइव्ह हे सगळे एकाच मूळ शब्दाचे वंशज. एक घरचाच राहिला, दुसरा हिंदुस्थानातून फिरून गेला.

---

खंडेराव_मार्केट

चर्चा वाचून पंच करून बघावासा वाटणाऱ्यांसाठी प्रमाण देते. आपल्याकडे दारूबंदी, तेव्हा अरकाच्या जागी कडक चहा.

वेस्ट इंडीजकडचं जुनं माप असं : आंबट १, गोड २, कडक ३, फिकं ४. वाटीने मोजा. लिंबाचा रस १ वाटी, साखर २ वाट्या, कोरा कडक गार चहा ३ वाट्या, पाणी किंवा बर्फ ४ वाट्या, वरून जायफळ किसून. घटक मोजाल तर पाचच भरतात.

चव बिघडते ती दोन ठिकाणी. पहिलं, साखर गार पाण्यात थेट टाकली की तळाशी बसते. आधी चार-पाच लिंबांची फक्त पिवळी साल पातळ काढून साखरेत चुरडा आणि तासभर झाकून ठेवा. सालीतलं तेल साखर ओढून घेते आणि ती ओलसर होते. मग त्यात लिंबाचा रस घालून विरघळवा. सालीखालचा पांढरा भाग आला तर कडू होणार. दुसरं, चहा पाच मिनिटांहून जास्त मुरू दिला तर तुरटपणा लिंबावर कुरघोडी करतो.

लग्नाच्या हॉलमध्ये ‘फ्रूट पंच’ म्हणून जे देतात त्यात आंबटाचा भाग जवळपास नसतो, म्हणून ते सरबतासारखं गुळमट लागतं.

---

खिळेजुळणी

टूलरूम भाऊंनी ठशाचा पंच दोन ओळींत उरकला. आपण इथे देवनागरीत वाचतो-लिहितो ते त्या पंचाच्या जिवावर, म्हणून थोडं सविस्तर.

छापखान्यातला खिळा (छपाईचं सुटं धातूचं अक्षर) थेट कोरत नसत. आधी मऊ केलेल्या पोलादी कांडीच्या टोकावर अक्षर उलटं आणि उठावाचं कापायचं. हा पंच. अक्षराच्या पोटातली पोकळी, म्हणजे ‘व’चं पोट, कोरून काढणं अवघड, म्हणून त्या पोकळीच्या आकाराचा वेगळा पंच करून तो आधी कांडीत ठोकायचा. त्याला काउंटरपंच म्हणतात. (मुष्टियुद्धातला काउंटरपंच निराळा, तो उलट ठोसा.) मध्ये मध्ये पंच दिव्याच्या ज्योतीवर काजळून कागदावर टेकवायचा आणि अक्षर कसं दिसतं ते पाहायचं. समाधान झालं की तापवून लाल करायचा, विझवायचा, पाणी द्यायचं. मग तो तांब्याच्या पट्टीत ठोकायचा. तांब्यात अक्षराचा खोलगट साचा उमटतो, ती मातृका. मातृका घासून खोली आणि सरळपणा जुळवायचा, हातसाच्यात बसवायची आणि शिसं, अँटिमनी, कथील यांचा रस ओतायचा. एका पंचापासून अनेक मातृका, एका मातृकेतून हजारो खिळे. पंच कापताना झालेली चूक त्या हजारोंत उतरते, म्हणून हा कारागीर सगळ्यांत वरचा.

रोमन लिपीला कॅपिटल-स्मॉल धरून शंभराच्या आत-बाहेर पंच पुरतात. देवनागरीला काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं धरून कैक पट लागतात. वर-खालच्या मात्रांचे वेगळे तुकडे जुळवायची पद्धत आणि अखंड अक्षरं ओतायची पद्धत, असे दोन पंथ त्यातूनच झाले. तुकड्यांच्या पद्धतीत पंच कमी लागतात, पण जुळाऱ्याचं काम वाढतं आणि मात्रा अक्षरावरून सरकते. अखंडात उलट.

नावं लिहून ठेवावीत अशी आहेत. १७७८ मध्ये हुगळीला हालहेडचं बंगाली व्याकरण छापलं गेलं. त्याचे खिळे चार्ल्स विल्किन्सने पंचानन कर्मकार या लोहारकाम जाणणाऱ्या कारागिराच्या मदतीने केले. हेच पंचानन पुढे सेरामपूरला मिशनरी विल्यम केरीकडे गेले आणि देवनागरीचे पंच कापले. १८०५ मध्ये तिथे केरीचं मराठी व्याकरण निघालं. मुंबईत निर्णयसागर छापखान्याच्या देखण्या अक्षरांमागे जावजी दादाजींबरोबर राणोजी रावजी आरू यांचा हात होता. शब्दसाठा साहेब, यादीत ‘पंच’च्या नोंदीत या दोन कारागिरांची नावं आली तर मुलांना कळेल की हा शब्द फक्त पत्र्याचा नाही.

---

शब्दसाठा_वडोदरा

येणार, नक्की येणार. सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं ते त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती सोपवून, धंदेशिक्षण लोकांच्या भाषेत देता यावं म्हणून. १९३१ चा सयाजी शासन शब्दकल्पतरु तर राज्यकारभाराचे इंग्रजी शब्द घेऊन अनेक भाषांतले प्रतिशब्द शेजारी शेजारी मांडतो. त्या गावात हत्याराची नोंद कारागिराच्या नावाशिवाय करणं बरं दिसणार नाही.

---

स्वरव्यंजन

बाहुल्याचं कुळ राहिलं. थोडक्यात लिहितो.

सॅम्युएल पीप्सच्या रोजनिशीत ९ मे १६६२ ला लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमधल्या इटालियन बाहुल्यांच्या खेळाची नोंद आहे. हा पंच बाकदार नाकाचा, कुबड असलेला, हातात दांडका. त्याचा चिरका आवाज काढायला खेळिया तोंडात ‘स्वॉझल’ ठेवतो : धातूच्या दोन पातळ पट्ट्या, मध्ये फीत ताणलेली. राजस्थानी कठपुतळीवाले बांबू आणि चामड्याची शिट्टी वापरतात, तत्त्व तेच.

पुढे ३० एप्रिल १६६९ ला पीप्सच लिहितो की गरीब वस्तीतले लोक आपल्या गुबगुबीत पोराला ‘पंच’ म्हणत होते आणि जाड-बुटक्या कशालाही हा शब्द रूढ झाला आहे. इंग्लंडातल्या आखूड पायांच्या, भरदार ‘सफोक पंच’ घोड्याच्या नावात हाच अर्थ बघतात. ‘टाटा पंच’ पाहून मुलांना ठोसा आठवेल. जाड-बुटका हाही एक अर्थ आहे हे सांगायला हरकत नाही.

बाहुल्याच्या नावाने १७ जुलै १८४१ ला लंडनला ‘पंच’ साप्ताहिक निघालं. आपल्या ‘कार्टून’ शब्दाला व्यंगचित्राचा अर्थ तिथेच मिळाला. त्याआधी कार्टून म्हणजे भित्तिचित्राचा जाड कागदावरचा कच्चा आराखडा. १८४३ मध्ये पार्लमेंटच्या भिंतींसाठी असे आराखडे प्रदर्शनात मांडले गेले, तेव्हा ‘पंच’ने आपली बोचरी चित्रं ‘कार्टून’ म्हणून छापली. त्याचं बघून लखनौला १८७७ मध्ये ‘अवध पंच’ निघालं, मुंबईत पारशांचं ‘पारसी पंच’ आणि पुढे ‘हिंदी पंच’. इथल्या वाचकाला त्या नावात न्याय करणारा पंचही ऐकू येत असणार, म्हणून नाव इतकं सहज रुजलं असं माझं मत.

---

फाइलिंग_विभाग

कार्यालयीन पंच राहिला. दोन भोकांच्या पंचाचं आंतरराष्ट्रीय माप : भोकांच्या मध्यांतलं अंतर ८० मिलिमीटर, भोक ६ मिलिमीटर, कागदाच्या कडेपासून भोकाचा मध्य १२ मिलिमीटर. कागद मध्यावर हलका दुमडून ती खूण पंचावरच्या बाणाशी जुळवली की सगळी पानं फाइलमध्ये एका ओळीत बसतात. पंच दाताळ भोकं पाडू लागला की धार गेली असं समजून टाकून देतात. बरेचदा खालच्या कप्प्यात टिकल्या ठासून भरलेल्या असतात, म्हणून दांडी पूर्ण खाली जात नाही. आधी कप्पा रिकामा करा.

हजेरीचं ‘पंचिंग’ही लिहा. घड्याळ कार्डावर वेळ उमटवत असे, त्यावरून शब्द आला. आता बोट टेकवतात, तरी विचारतात तेच : पंच केलं का?

---

जकार्ड_कार्ड

भोकवाल्या कार्डांचा धागा मागाशी जातो. १८०४ च्या सुमाराचा जकार्डचा माग : पुठ्ठ्यात भोक असेल तिथे सुई आत जाते आणि तिचा ताण्याचा (उभा) दोरा उचलला जातो, नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते आणि दोरा खालीच राहतो. एक पुठ्ठा म्हणजे बाण्याची (आडव्या दोऱ्याची) एक ओळ. एक भोक चुकलं की नक्षीच्या प्रत्येक आवृत्तीत त्याच जागी तोच दोष दिसतो, म्हणून दोष नियमित अंतराने येत असेल तर धागा तपासू नका, पुठ्ठा तपासा. होलेरिथने १८९० च्या अमेरिकी जनगणनेत पंच कार्डं वापरली, ती याच कल्पनेची पुढची पायरी. १९२८ पासूनच्या आयबीएम कार्डावर ८० रकाने, आणि रूढ झालेल्या रूपात १२ ओळी. ‘ए’ अक्षर म्हणजे एकाच रकान्यात १२ व्या आणि १ ल्या जागी भोक. जुन्या संगणकाच्या पडद्यावर ओळीत ८० अक्षरं असत, ती इथूनच.

---

शब्दसाठा_वडोदरा

सगळ्यांचे आभार. मसुदा असा :

पंच (पु.) : १. खुणेचा वा पिनेचा, हातोडीने मारायचा (लोहारकामात सुंबा). २. ठशाचा, अक्षर उलटं. ३. प्रेस टूलमधला, डायच्या जोडीचा. ४. कागदाला भोकं पाडायचं यंत्र. ५. ठोसा. मूळ : लॅटिन, टोचणं, पंक्चर, पॉइंट याच कुळातले.
पंच (न.) : पेय. मूळ : बहुधा भारतीय पाच/पंच.
पंच (पु.) : बाहुला, जाड-बुटका. मूळ : इटालियन.
पंच (पु.) : मराठी, निवाडा करणारा, साक्षीदार, क्रिकेटचा पंच. मूळ : संस्कृत. इंग्रजी हत्याराशी संबंध नाही.

लिंगाबद्दल कोणाची हरकत?

---

रावपुरा_रेखा

पेय नपुंसकलिंगी बरोबर, ‘पंच गोड झालं’. आणि शेवटच्या नोंदीत अनेकवचन बदलत नाही हे लिहा : पंच आला, पंच आले.

---

टूलरूम_मकरपुरा

लिंग ठीक. तिसऱ्या अर्थापुढे एक ओळ वाढवा, तेवढ्यासाठी परत आलो : ‘भोक हवं तर माप पंचाला, चकती हवी तर माप डायला.’ आणि ती ठळक छापा.